आराशीतील आगगाडी

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून गणपतीपुढील आरास अजूनही घरच्यांच्या हातची असते, ही समाधानाची गोष्ट होय. कुणी हिमालय उभारतो, कुणी रायगड. आमच्याकडे नातवाच्या हट्टापायी आगगाडी धावते. स्थानक निवडताना विचार करावा लागला नाही. आमचे मूळ खानदेशात, आणि उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनीवरील नवापूर स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि सीमा फलाटावरून गेली. तेथील एका बाकावर शेजारी शेजारी टेकलेली माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. सूनबाईंनी पुठ्ठ्याचा तो बाक इतका सुबक केला आहे की दर्शनाला येणारी मंडळी आधी त्याच्याकडेच पाहतात. (गणराय रागावत नसावेत.)

गाडी प्रथम धावली तेव्हा सर्वांनी वाहवा केली. नातवाने मात्र विचारले, "आजोबा, लाल दिवा पाहून गाडी थांबते ना? मग ती थांबल्याबरोबर दिवाच का विझतो?"

प्रश्न लाख मोलाचा होता. या खेळातील गाडीला वीज रुळांतून मिळते. नेहमीच्या पद्धतीत शून्यापासून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह रुळांत सोडतात. व्होल्ट वाढले की वेग वाढतो, दोन तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. भाच्याने सिग्नलाचे दिवेही त्याच तारांना जोडले होते. साहजिकच गाडी मंदावली की दिवे मंद, गाडी उभी की काळोख!

खऱ्या रेल्वेत इंजिनासाठी डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. सिग्नलाची जोडणी मात्र स्वतंत्र. ११० व्होल्टचा प्रवाह लहानसा ट्रान्सफॉर्मर १२ वर आणतो, आणि रंगीत दिव्यांच्या सिग्नलांतील जुने बल्ब त्यावरच जळत. आता त्यांची जागा एलईडीने घेतली आहे. खरा सिग्नल आणि आराशीतला सिग्नल असे एकाच मापाचे निघाले, याची मला फार मौज वाटली.

तेव्हा सिग्नलांना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा हवा, हे ठरले. हिशेब सोपा आहे. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. उरलेले १० व्होल्ट हजार ओहमच्या रोधकावर सोडले की १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आमच्या नवापुरात २० दिवे, म्हणजे अवघे २०० मिलिअँपिअर. हिरव्या-पांढऱ्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात. तोच रोधक चालतो. सांधे बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या मात्र क्षणभरच, पण भरपूर प्रवाह ओढतात व तेवढ्यात दिवे लवतात. त्यांना तिसरा पुरवठा द्यावा, आणि बटण दाबून धरू नये, गुंडाळी जळते.

खरा वाद पुढेच झाला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाच्याने बाजारातून एक स्वस्त डबी आणली. तीवर १२ व्होल्ट छापलेले. आत ट्रान्सफॉर्मर नव्हताच. नुसत्या कपॅसिटरने व्होल्ट उतरवले होते. अशा डबीची बाहेर येणारी तार घरातल्या २३० व्होल्टांशी थेट जोडलेली राहते. "मामा, दिवे तर लागतात!" तो म्हणाला. दिवे लागतातच. पण देवापुढे ओल्या दूर्वा, सांडलेले तीर्थ, आणि आरतीला दाटीने उभी राहिलेली अनवाणी पोरे! ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो, वीज चुंबकत्वाने पलीकडे जाते. मुलाचा हात आणि घरची वीज यांच्यात तेवढेच अंतर असते. मी डबी लावू दिली नाही. पहिल्या दिवशी गाडी उभीच राहिली, नातवाने मोदकसुद्धा घुश्शातच खाल्ला. दुसऱ्या दिवशी भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असलेला, एक अँपिअरचा ॲडॉप्टर आला. तो वजनाला हलका असतो, तरी आत लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. पुढे एक फ्यूजही बसवला.

ज्यांना हा छंद मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. गाड्यांइतकेच लक्ष तेथील सिग्नलांकडेही द्यावे. आणि घरी रात्री निजण्यापूर्वी ॲडॉप्टर भिंतीवरच्या बटणापाशीच बंद करावा. गाडी थांबली तरी तो आपला तापतच असतो.