सात डोंगरांची मराठी वाट

पचमढी म्हटलं की आपल्या इंदूरकरांना धूपगडचा सूर्यास्त, जटाशंकर आणि जिप्सीतली सहल आठवते. ट्रेकिंगचा विषय निघाला की मात्र आपली मुलं पुण्या-मुंबईच्या भावंडांबरोबर सह्याद्री गाठतात. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनेही 1,646 मीटरचं कळसूबाई असंच सर केलं. त्यामुळे वरुडच्या आत्याने "यंदा नागद्वारीले चाला" असं फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "आई, वो ट्रेक है या यात्रा?"

दोन्ही! नागद्वारीची वाट वर्षातून साधारण दहाच दिवस उघडते, आषाढाच्या शेवटापासून नागपंचमीपर्यंत. एरवी सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ही वाट बंद असते. पचमढीहून धूपगडच्या बाजूला जीपने जायचं आणि तिथून चालू लागायचं. यात्रेकरू सात डोंगर सांगतात. मोजायला गेलात तर तिसऱ्या चढावरच हिशेब सुटतो, कारण एक माथा आला म्हणावं तोवर वाट दरीत उतरते आणि समोर पुढचा उभा असतो.

हे डोंगर सह्याद्रीसारखे काळ्या कातळाचे नाहीत. इथला दगड वालुकाश्म, तांबूस आणि थरांचा. पावसात त्यावर शेवाळ धरतं, माती लोण्यासारखी होते. कड्यांना टेकवलेल्या लोखंडी शिड्या ओल्या असतात आणि मागचा माणूस थांबायला तयार नसतो. लेकीचे महागडे बूट दोनदा घसरले. तिच्या पुढे साध्या रबरी चपला घातलेली एक आजी, डोक्यावर गाठोडं घेऊन, नीट पाय रोवत चढत होती.

आणि सगळीकडे मराठी! नागपूर, अमरावती, वर्धा, यवतमाळ. चहाच्या टपरीवर मराठी, भंडाऱ्याच्या पंगतीत मराठी, "हर हर महादेव"च्या आरोळीनंतरची थट्टाही मराठीच. विदर्भातली मंडळं तंबू ठोकून येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालतात. अनोळखी माणूस "चला भगत" म्हणत हात देतो. मध्य प्रदेशच्या ऐन जंगलात आम्ही इंदूरचे, म्हणजे मध्य प्रदेशातलेच, पण पाहुणे वाटत होतो आम्ही!

याला इतिहास आहे. 1956 पर्यंत पचमढी आणि नागपूर एकाच राज्यात होती. नागपूर राजधानी, तर पचमढी इंग्रजांच्या काळापासून उन्हाळ्यातली राजधानी. इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. ज्या दिवशी इंदूर आणि पचमढी एका राज्यात आली, त्याच दिवशी नागपूर-अमरावती त्यातून बाहेर पडली. नकाशा बदलला, पण वरुडच्या माणसाची वाट बदलली नाही. आत्या ही यात्रा बावीस वर्षं करते आहे. "सीमा कुठी लागते, मले त दिसली नाई कधी," म्हणते.

पण यंदा काजळीला पोचेपर्यंत तिचे गुडघे बोलू लागले. भंडाऱ्याच्या तंबूत तिने पाय पसरले, पदराने तोंड पुसलं आणि नारळ लेकीच्या हातात दिला. "मले आता होत नाई. तू जाऊन ये, माह्या वाटचा नमस्कार कर." मी थांबते म्हटलं, तर रागावली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती पद्मशेषच्या गुहेपर्यंत जाणार नव्हती, आणि पुढच्या वर्षीही बहुधा नाही. हे तिला कळलं होतं, आम्हालाही. त्यावर कोणीच काही बोललं नाही.

पुढच्या धारेवर पोचलो, तर चहूकडे पांढरं. दरी नाही, डोंगर नाही, नुसता ढग. मग वारा सुटला आणि पाच-सात मिनिटं सगळं उघडलं. समोर साधारण 1,350 मीटरचा, मध्य प्रदेशातला सर्वांत उंच धूपगड. त्याच्यामागे महादेव डोंगररांगेच्या एकामागोमाग एक निळ्या कडा, खाली साल-सागाचं दाट रान आणि कड्यांवरून लोंबणारे पाण्याचे पांढरे दोरे. लेकीने मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि परत खिशात ठेवला. "आत्याआजीला सांगायचंय, नीट बघू दे," म्हणाली. मराठीत.

दर्शन घेऊन, नारळ वाढवून आम्ही काजळीला परतलो. आत्याने देवाचं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "ढग हटले होते का व?" लेक अर्धा तास सांगत होती. कुठला डोंगर कुठे, कुठली शिडी हलते, कुठे शेकरू दिसलं. आत्या मध्येच दुरुस्त्या करत होती, "तो नाई, त्याच्या डाव्या अंगचा." त्या तंबूत बसल्या बसल्या तिने पुढची सगळी वाट डोळ्यांनी चालून घेतली.

आपल्या मुलांना आपण सांगतो की मराठी माणसाचे डोंगर म्हणजे सह्याद्री. खरं आहे, पण अर्धंच. सातपुडाही आपलाच आहे, आणि इंदूरहून तो जवळ आहे. रेल्वेने पिपरिया आणि तिथून पचमढी सुमारे 50 किलोमीटर. येत्या नागपंचमीच्या आधी दोन दिवस काढा. पकड असलेले बूट, रेनकोट, सुका मेवा, पाण्याची बाटली, आणि प्लास्टिक परत आणायला एक पिशवी. शक्य असेल तर घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर घ्या. त्यांना जमेल तिथपर्यंत त्यांनी चालावं, पुढचं तुम्ही बघून या आणि त्यांना सांगा.