चारशे वर्षांचं पाणी

पुणे, १८ मे

प्रिय ईशान,

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधल्या पाइनच्या बोन्सायचा फोटो पाठवून तू दोन प्रश्न विचारलेस. एवढ्याशा कुंडीत ते झाड १६२५ पासून जगलंच कसं? आणि वाढू पाहणाऱ्या झाडाला असं जन्मभर छाटत राहणं क्रूर नाही का? मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बोन्सायची निगा कशी राखतात ते पाहिलं की ते नीट समजतं. झाड उपाशी ठेवून बोन्साय टिकत नाही. आधी झाडाला भरपूर बळ द्यावं लागतं, मगच त्या बळाला वळण लावता येतं. आणि हे काम एका माणसाच्या आयुष्यात पुरं होत नाही.

आधी त्या झाडाची हकिगत. हा जपानी पांढरा पाइन हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं आपल्या रोपवाटिकेत सांभाळला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबाँब पडला, तेव्हा ही जागा स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर होती. घराच्या काचा फुटल्या, पण कुटुंब वाचलं आणि भिंतीच्या आडोशाला असलेली झाडंही वाचली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्या निमित्तानं १९७६ मध्ये जपानकडून ५३ बोन्साय भेट आली. त्यांत मासारू यामाकींनी हे झाड दिलं, पण त्यानं काय सोसलं होतं ते सांगितलं नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला आले, तेव्हा कुठे आर्बोरेटमच्या संग्रहालयाला सगळं कळलं. लोक ही गोष्ट क्षमेची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण मला तिची दुसरी बाजूही तितकीच मोलाची वाटते. भिंतीनं झाडाला एका सकाळी वाचवलं. ऑगस्टच्या उन्हात कुंडीतलं झाड पाण्यावाचून फार दिवस काढत नाही. म्हणजे त्या उद्ध्वस्त शहरात, माणसांचेच हाल चालू असताना, पुढच्या दिवसांतही कोणीतरी त्याला पाणी घातलं असणार.

यावर कोणी म्हणेल, पाइन डोंगरावरही शेकडो वर्षं जगतो, मग कुंडीतल्या वयाचं एवढं कौतुक कशाला? फरक असा, की डोंगरावर मुळं ओलावा शोधत हवी तिथे जातात. उथळ कुंडीत चार बोटं मातीपलीकडे त्यांना काही नसतं. त्यात तुमच्याकडे मे-जूनमध्ये झाड ऐन भरात असतं: नवी पालवी कोवळी, पानांतून पाण्याची वाफ भराभर होणारी, ऊन रोज चढतं. सकाळी ओली असलेली माती संध्याकाळपर्यंत कोरडी पडू शकते. भीतीपोटी सारखं पाणी ओतावं, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून जपानी बागवान आकादामासारखी दाणेदार माती वापरतात. तिच्यातून जादा पाणी निथळतं आणि दाण्यांमधल्या फटींत हवा खेळते. घड्याळ बघून पाणी घालायचं नसतं. मातीला बोट लावून, वारा आणि ऊन बघून ठरवायचं असतं. नुसतं पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात असं जपानमध्ये म्हणतात, ते उगाच नव्हे. डोंगरावरच्या पाइनचं वय निसर्गाचं. या झाडाच्या वयातला प्रत्येक उन्हाळा माणसांनी सांभाळलेला आहे. नंदादीपात तेल घालणारे हात बदलतात आणि ज्योत तीच राहते, तसं हे आहे.

आता छाटणीचं. तुझा क्रूरतेचा आक्षेप गंभीर आहे, म्हणून पुराव्यानं बोलू. जपानी काळ्या पाइनचे वसंतात आलेले नवे कोंब जून-जुलैच्या सुमारास बुडाशी कापतात. झाड त्याच जागी दुसऱ्यांदा फुटतं, आणि मोसम थोडाच उरलेला असल्यामुळे नवी सुयांसारखी पानं आखूड राहतात. पण दुसऱ्यांदा फुटायला साठवलेलं बळ लागतं. म्हणून वसंतभर चांगलं खत घातलेल्या, ठणठणीत झाडालाच ही कात्री लावतात. अशक्त झाडाला त्या वर्षी हात लावत नाहीत. तुझ्या फोटोतल्या पांढऱ्या पाइनला तर हा नियम मुळीच चालत नाही. त्याला वर्षातून एकदाच फूट येते, तेव्हा त्याचे लांबलेले कोंब पानं उलगडण्याआधी थोडे खुडतात, पण बुडापासून कधी कापत नाहीत. मेपलची पानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला देठ ठेवून काढली की नवी लहान पानं येतात, पण तीही निरोगी झाडाचीच, आणि दरवर्षी नाही. उपासमार हे साधन असतं तर यांतलं एकही काम साधलं नसतं.

आपल्याकडे बोन्सायला खुरटं झाड समजून, ते घरात ठेवलं की घराची भरभराट खुंटते असं सांगणारेही आहेत. पण त्या झाडाचं खोड दरवर्षी भरतं, पालवी नवी येते, आणि डाळिंबाचं बोन्साय फळतं तेव्हा फळाचा आकार झाडाच्या मानानं लहान होत नाही. झाडाचा मूळ स्वभाव शाबूत असतो; जमिनीत लावलं तर ते मोठं होऊ लागेल. छळ होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बाजारात मातीवर खडे चिकटवून स्वस्तात विकलेली झाडं बहुधा मरतात. फांदीला वळण देणारी तार या दिवसांत विसरली, तर फांदी झपाट्यानं जाड होते आणि तार सालीत रुतते. हा दोष दुर्लक्षाचा आहे, कलेचा नव्हे, आणि दोहोंत गल्लत करू नये.

तू स्वतः एखादं झाड आणायचं म्हणतोस, तर ज्युनिपर घे, पण ते घरात ठेवू नकोस. त्याला बाहेरचं ऊन हवं आणि हिवाळ्याची थंडीही हवी. इथल्या वेळापत्रकावर जाऊ नकोस. आमच्याकडे वड-उंबराच्या कुंड्या वैशाखात शेडनेटखाली जातात आणि कुंडी बदलण्याचं काम पावसाच्या तोंडावर निघतं. तुझ्याकडचा मोसम वेगळा आहे. पहिलं वर्षभर कात्री बाजूला ठेव आणि फक्त पाणी घालायला शीक. तू सुट्टीवर गेलास की पाणी कोण घालेल, हे झाड आणण्याआधी ठरव. या प्रश्नाला उत्तर असेल तरच झाड आण, कारण बोन्साय पाळणं म्हणजे आपल्या गैरहजेरीतही त्याची काळजी घेतली जाईल अशी माणसं जोडणं. यामाकींनी आपलं इतकं मौल्यवान झाड ज्या देशाच्या हाती सोपवलं, त्याचा विचार केला की ही जबाबदारी किती मोठी आणि किती चांगली आहे ते तुला पटेल.

तुझी,
मीनाआत्या