नारायण

कागदोपत्री मी नारायण. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं हा घरचा रिवाज. पण सासऱ्यांचं नाव आईच्या तोंडी यायचं कसं? म्हणून घरात मी बाळ. आजीची त्याहून पंचाईत. सत्यनारायणाला ती ‘सत्यदेवाची पूजा’ म्हणायची, आणि बिऱ्हाड तर नारायण पेठेत! रिक्षावाल्याला ती नुसतं ‘मोदी गणपती’ सांगायची.

पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. थोरल्या माधवरावांमागून त्यांना गादी मिळाली आणि वर्षही पुरं झालं नाही, तोच ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना मारलं. वय अवघं अठरा. त्यांचा देह ज्या जांभूळ दरवाजातून बाहेर नेला असं सांगतात, तो पुढे नारायण दरवाजा झाला. शाळेची सहल वाड्यात गेली की ‘काका, मला वाचवा’ म्हणत पळायचं काम माझ्याकडे. नावच तसं ना! बाकीच्या पोरांना गारदी व्हायला मिळायचं.

पुढे वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं, या नावाची माणसं मोठी झाली की नाव मागे टाकतात. जांबेच्या ठोसरांचा नारायण समर्थ रामदास झाला. नारायण श्रीपाद राजहंसांचे बालगंधर्व झाले. ही पदवी टिळकांची, असं सांगतात. त्या टिळकांचा केसरीवाडा आमच्याच पेठेत, हा आमचा फुकटचा अभिमान. नदीपलीकडे १९६८ साली उघडलेलं रंगमंदिरही बालगंधर्वांचंच, राजहंसांच्या नारायणाचं नव्हे. केडगाव बेटाच्या नारायण महाराजांनी मात्र नाव राखलं. गावांनीही राखलं: सासवडजवळच्या नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाची रांग, तर जुन्नरकडच्या नारायणगावात जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला तमाशाचे फड राहुट्या टाकून बसलेले. दोन्हीकडे गर्दी सारखीच.

पण खरा घात केला पु.लं.नी. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला त्यांचा नारायण लग्नघरात राब राब राबतो, आणि ते मराठी माणसाला तोंडपाठ. तेव्हापासून कुठल्याही मांडवात आमची सुटका नाही. भटजींना सुटे पैसे हवेत? नारायण. अक्षता संपल्या? नारायण. परवा भाचीच्या लग्नात व्याह्यांनी कौतुकानं नाव विचारलं. सांगितलं. ‘वा, बरे भेटलात!’ म्हणाले, आणि आहेराच्या पिशव्या माझ्या हाती देऊन जेवायला गेले.