उतरतीचे दुखणे

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातला मुलगा पोलीस भरतीच्या तयारीला लागला. पहिल्याच दिवशी त्याने ईर्ष्येने पाचशे बैठका मारल्या. दुसऱ्या सकाळी तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याला पायऱ्या उतरवत नव्हत्या. "फादर, मांड्या लई भरून आल्यात. थांबू का?" लहानपणी ऐकलेले उत्तर आम्ही त्याला दिले: "अरे, दुखणे दुखण्यानेच जिरते. आजही मार."

त्याने आमचे ऐकले. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी गडद चहासारखी झाली आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. स्नायू फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरले होते. ते मूत्रपिंडांना घातक ठरते. सलाईन वेळेवर लागले म्हणून मुलगा वाचला.

त्यानंतर आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. बैठकीचे दोन भाग असतात. उठताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. बसताना तोच स्नायू भार पेलत लांबत जातो. बसताना दम कमी लागतो, परंतु भार मोजक्याच तंतूंवर पडतो आणि त्यांची सूक्ष्म वीण उसवते. देवगिरीचा किल्ला चढताना छाती भरून येते, मात्र पुढे मांड्या ठणकतात त्या प्रामुख्याने उतरल्यामुळे! हे दुखणे साचलेल्या लॅक्टिक आम्लाचे नव्हे. ते तर तास-दोन तासांत निघून जाते. ठणका मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतो. स्नायूंतील सूक्ष्म इजा हे याचे कारण असावे, असे थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1902 मध्येच मांडले होते.

निसर्गाची दया अशी की, थोड्या श्रमाने एकदा दुखावलेला स्नायू बरा झाल्यावर तेच श्रम पुढील काही आठवडे पुष्कळ सहज सोसतो. म्हणूनच नवख्याने थोडक्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. साधा ठणका विश्रांतीने जातो. पण लघवी काळपट झाली, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

मुलगा घरी परतल्यावर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचून हसला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर त्याने दहा बैठकांपासून पुन्हा आरंभ केला. त्या दिवशी त्याच्या शेजारी उभे राहून आम्हीही पाच मारल्या. दोन दिवस वेदीपुढे गुडघे टेकताना त्या पाचांनी आम्हांस आमच्या उपदेशाची आठवण करून दिली.