फरशी पायाला विचारून घ्यावी

आमच्या केंदूरला 'गॅरेज' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान येतं. घराला लागून गाडी लावायची जी जागा असते तिला इथं शेड म्हणतात, फार तर पार्किंग. आमच्या घराच्या शेडला मात्र गल्ली अजूनही गॅरेजच म्हणते. अब्बांनी तिथं पस्तीस वर्षं मोटारसायकली, विहिरीवरच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. आता तिथं माझी जुनी कार असते, लेकीची सायकल असते, कांदा निघाला की पंधरावीस पिशव्या थप्पी लावून पडलेल्या असतात. कोपऱ्यात नळ आहे. त्या नळावर अब्बा वजू करतात. घरात दोन बेसिन असूनही त्यांना तोच नळ लागतो.

तिथं आधी कोबा होता. तेल पिऊन पिऊन काळा पडलेला, जागोजागी पोपडे निघालेला, पण खरबरीत. तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून मी घर दुरुस्त केलं, तेव्हा तो कोबा मला पाहवेना. घरात घातली तीच चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी मी बाहेर शेडमध्येही घातली. अब्बा म्हणाले होते, "बेटा, इथं गुळगुळीत नको." मी हसून सोडून दिलं. ज्या माणसाचे हात जन्मभर ग्रीसमध्ये होते त्याला स्वच्छतेचं काय कळणार, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आला होता हे खरं आहे.

मागच्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, फजरच्या वेळी अब्बा वजू करून वळले आणि दुसऱ्याच पावलाला घसरले. ओले तळवे, वर पावसाचे शिंतोडे, खाली आरशासारखी फरशी. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडले?" मी म्हणालो, "घरातच." त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. रोज ऐकत असावेत तसं. त्या एका शब्दात माझी चूक किती सहज लपली, हे मला तिथंच जाणवलं.

अब्बा वॉकर घेऊन घरी आले आणि पहिल्याच दिवशी त्या नळाकडे निघाले. तेव्हा ठरवलं, फरशीचं काहीतरी करायचं.

फोडून पुन्हा कोबा करावा, तर मजुरी, राडारोडा आणि दोन आठवडे धूळ. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी ते नको होतं. वरून न घसरणारा रंग मारावा, तर गुळगुळीत फरशीला तो नीट धरत नाही आणि गाडीच्या चाकाखाली सोलून निघतो. रबरी चटया टाकल्या, त्यांच्या कडा वळल्या आणि वॉकरचा पाय त्यातच अडकला. रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेला माझा पुतण्या म्हणाला, "चाचा, एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स मिळतात. सिमेंट नको, गवंडी नको. लहान मुलांच्या ठोकळ्यांसारख्या जोडायच्या."

शिक्रापूरला दुकानात गेलो. फूटभर चौकोनी तुकडे, कडेला कड्या आणि खुंट्या. वरून दाबलं की 'टक्' करून बसतात. भाव चौरस फुटाला ६५ पासून १२० रुपयांपर्यंत सांगितले. लाल-काळ्या बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी दाखवून दुकानदार म्हणाला, "सर, एकदम शोरूम वाटेल." पुन्हा तोच शब्द: वाटेल. तीन वर्षांपूर्वी मी 'वाटेल' यावरच फसलो होतो. म्हणून या वेळी विकत काहीच घेतलं नाही. चार प्रकारचे चार-चार तुकडे नमुना म्हणून पैसे भरून आणले.

पहिली गोष्ट कळली ती प्लास्टिकची. या टाइल्स मुख्यतः दोन जातींच्या असतात: पीव्हीसीच्या मऊ आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कडक. ओळखायची सोपी परीक्षा बादलीत होते. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पीव्हीसी जड, ते बुडतं. मागच्या बाजूला त्रिकोणात आकडा छापलेला असेल तर ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ३ म्हणजे पीव्हीसी. आमच्याकडे एक तुकडा 'पॉलिप्रॉपिलीन' म्हणून दिलेला असूनही बुडाला. म्हणजे एक तर जात वेगळी, किंवा स्वस्त करायला आत भुकटी भरपूर भरलेली. अशी भुकटी जास्त झाली की माल ठिसूळ होतो. तो तुकडा बाजूला ठेवला. लेकीला हा प्रयोग इतका आवडला की घरातले सगळे डबे त्या दिवशी बादलीत गेले.

मऊ पीव्हीसी पायाला छान लागतं, आवाजही करत नाही. पण ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात त्याचं आणि टायरच्या रबराचं जमत नाही; गाडी रोज एकाच जागी उभी राहिली की तिथं पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. शिवाय पीव्हीसी जमिनीला घट्ट चिकटून बसतं, खालची ओल अडकते. पॉलिप्रॉपिलीनच्या टाइलला खाली छोटे पाय असतात, त्यामधून हवा फिरते, पाणी वाहून जातं. ज्यांच्याकडे अजून कोबा आहे त्यांनी आधी एक करावं. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक रात्र ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं तर जमीन ओल सोडते आहे असं समजावं. तिथं रंग मारला तर त्याला फोड येणार. पायांवर उभी राहणारी टाइल अशा ठिकाणी उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट वरच्या तोंडाची. काही टाइल्स जाळीदार असतात, पाणी थेट खाली जातं. काही बंद असतात, वर बारीक रेघा किंवा नाण्यांसारखे उठाव. कागदावर विचार केला तर जाळीदारच उत्तम वाटते. मी तीच घेणार होतो. पण नमुने शेडमध्ये मांडले, वर पाणी ओतलं, थोडा साबण टाकला आणि अब्बांना म्हणालो, "तुम्ही सांगा." पुतण्याला त्यांच्या मागे हात धरून उभं केलं.

ते अनवाणी उतरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. जाळीवर आले तेव्हा वॉकर थांबला. मला वाटत होतं ते वॉकर उचलून पुढं ठेवतात. ते उचलत नाहीत, ढकलतात. चार महिने एका घरात राहून मी हे पाहिलं नव्हतं. ढकलताना रबरी बुचं जाळीच्या कडांना अडत होती. नाण्यांच्या उठावाची टाइल त्यांच्या तळव्यांना टोचली. बंद, बारीक रेघांच्या साध्या करड्या टाइलवर ते आले आणि चालत राहिले, थेट नळापर्यंत. तिथं वळून म्हणाले, "फर्श पाँव से चुन, आँख से नको." आम्ही घरी दखनी बोलतो. त्यातला हा 'नको' मराठीनं आम्हाला दिलेला आहे आणि त्याच्याइतकं ठाम काही नसतं.

मग म्हातारा मेकॅनिक कामाला लागला. खुर्चीवर बसून त्यांनी जुन्या डब्यातला बेअरिंगचा छर्रा मागवला आणि फरशीवर सोडला. छर्रा दाराकडे जायला हवा होता, तो नळाच्या उलट्या कोपऱ्यात जाऊन थांबला. उतारच चुकलेला. म्हणजे तीन वर्षं पाणी तिथं साचत होतं आणि आम्ही फडक्यानं पुसत होतो. टाइल कोणतीही घाला, खाली पाणी साचलं तर डास आणि वास ठरलेला. त्या कोपऱ्यात भिंतीला भोक पाडून पाइप काढला, मग पुढचं काम. हातोडीच्या दांड्यानं त्यांनी फरशी ठोकून घेतली; पाच ठिकाणी पोकळ वाजली. त्या फरश्या काढून सिमेंटनं भरल्या, कारण वर टाइल आली तरी गाडीचं वजन शेवटी खालीच जातं.

शेड १२ बाय २०, म्हणजे २४० टाइल्स, आणि कापाकापीला १२ जास्त. वाटेला आणि नळाजवळ बंद रेघांची, गाडीखाली जाळीदार. दोन्हींची कडी एकाच मापाची आहे ना, हे आधी जोडून पाहिलं; वेगवेगळ्या कंपन्यांच्या टाइल्स एकमेकांत बसत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी, पुतण्या आणि लेक अशा तिघांनी एका दिवसात जोडल्या. कडेचे तुकडे हॅकसॉनं कापले. भिंतीशी मात्र टेकवल्या नाहीत. प्लास्टिक उन्हानं सिमेंटच्या दहापटीनं फुगतं. वीस फुटांच्या रांगेत थंडीतली रात्र आणि एप्रिलची दुपार यांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. थोडा कड्यांच्या सैलपणात जिरतो, बाकीच्यासाठी दोन्ही भिंतींशी अर्धा अर्धा इंच जागा सोडली. ती सोडली नाही तर उन्हाळ्यात मधोमध पोट वर येतं, आणि तिथं पुन्हा कुणीतरी अडखळतं.

दुकानदारानं भाव सांगताना उतरत्या कडेच्या पट्ट्या धरल्याच नव्हत्या. टाइलची जाडी पाऊण इंच. आपल्याला ती दिसतही नाही, पण पाय घासत चालणाऱ्या माणसाला पाऊण इंच हा उंबरठा असतो. घरात वयस्कर माणूस असेल तर या पट्ट्यांचे पैसे आधी बाजूला काढा, रंगाचा विचार नंतर.

तोटेही सांगायला हवेत. खाली धूळ, कांद्याची टरफलं आणि मुंग्या जमतात. वर्षातून दोनदा उचलून धुवावं लागतं. आमच्या भागात विंचू निघतात, म्हणून उचलताना हात घालण्याआधी काठी. चालताना पोकळ आवाज येतो. गाडीला जॅक लावायचा तर खाली लाकडी फळी हवी. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम यावर अजिबात करू नये, ठिणगीनं वितळतं. उघड्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतं. आणि शेवटी हे प्लास्टिक आहे, कधीतरी कचऱ्यात जाणार. नवीन बांधत असाल तर हे घेऊच नका. उतार नीट काढून खरबरीत कोबा करा, किंवा शहाबादी तिच्या नैसर्गिक पोताची, पॉलिश न करता घाला. ही टाइल आहे ती माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी आधी चूक केली आणि आता ती फोडायची सोय नाही.

शाळेत मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. फरशी हा शब्द 'फर्श'वरून आला आणि अरबीत त्याच्या मुळाशी अंथरणं, पसरणं आहे, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. कुरआनात जमिनीला 'फिराश' म्हटलंय, म्हणजे माणसासाठी अंथरलेली. मराठीत येता येता तो शब्द दगडासारखा घट्ट झाला. या वर्षी वर्गात ते सांगताना मी मध्येच थांबलो. अंथरायचं तर कुणासाठी हे आधी पाहावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्या शब्दात होती आणि ती मी पंधरा-वीस वर्षं फक्त शिकवत होतो.

अब्बा आता वॉकर सोडून काठीवर आले आहेत. फजरला मी त्यांच्या आधी उठतो, शेडचा दिवा लावतो आणि दारात उभा राहतो. त्यांना ते आवडत नाही. "जा, नमाजला लाग," म्हणतात. मी जातो, पण पोकळ 'टक् टक्' दारापर्यंत पोचेस्तोवर कान तिकडेच असतो.