जिना कुठे उतरतो?

हैदराबादच्या सुलतान बाजारातून मेट्रो जाणार म्हटल्यावर आम्ही सभा गाजवल्या. सारे भांडण मार्गाचे, दुकानांचे. मावशी एवढेच म्हणाली होती, "अरे, जिना कुठे उतरणार, ते विचारलंस का?" मी हसलो होतो.

७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक या ११ किलोमीटरांच्या मार्गाचे उद्घाटन झाले. पुढे एकदा मावशीला घेऊन निघालो. स्थानक डोक्यावर दिसत होते. पण त्या गर्दीतून रस्ता ओलांडताना तिने माझे मनगट घट्ट धरून ठेवले.

"गाडी झकास आहे रे," परतताना ती म्हणाली, "पण एकटीनं काही यायची नाही मी."

सभेत तिचा प्रश्न विचारणारा मीच होतो. विचारला नाही.