रविवारी संध्याकाळी बंद

मराठीत 'आवळ' हे शेपूट लागलेले शब्द बहुधा पैशांशी बांधलेले असतात. सोनाराची घडणावळ, गिरणीवाल्याची दळणावळ, एखाद्या जिनसेची करणावळ. केलेल्या कामाचे मोल, एवढाच या शब्दांचा अर्थ. 'खाणावळ' हा शब्द त्यांच्या रांगेत बसवून पाहिला, की तो मुळात जागेचे नाव नसून खाण्याच्या मोबदल्याचे नाव असावा, असा तर्क करावासा वाटतो. त्याच शेपटाची 'जेवणावळ' मात्र पैशाला शिवत नाही. ती आमंत्रितांची पंगत, आणि म्हणूनच जातगोत पाहून मांडलेली. आमचा हा तर्क भाषाशास्त्राच्या कसोटीला किती उतरेल ते तज्ज्ञांनी पाहावे. पण जेवणावळीतून खाणावळीत येण्याचा प्रवास पुण्याच्या पेठांमध्ये आम्ही पायांनी केलेला आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नव्हता, एवढे आम्ही सांगू शकतो.

आम्ही म्हणजे चौघे. १९८२ च्या पावसाळ्यात मराठीत एम.ए. करण्यासाठी चार दिशांनी पुण्यात आलो आणि नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर एकाच खोलीत राहिलो. एक कोकणातला, एक साताऱ्याकडचा, एक वऱ्हाडातला आणि एक बीडचा. पुढे चौघांनीही मास्तरकीच केली. खोलीत स्टोव्ह पेटवायला मालकांची मनाई होती. त्यामुळे दोन्ही वेळचे जेवण बाहेर, ही आमच्यापुरती चैन नसून सक्ती होती. बाहेर खाण्यावर आज जे लिहिले जाते त्यात ही सक्ती फारशी दिसत नाही. कुठली मिसळ श्रेष्ठ, कुठला बनमस्का अस्सल, या चर्चा आम्हांलाही आवडतात. परंतु ज्याला घरी परत जाऊन जेवता येते त्याचे हॉटेल वेगळे आणि ज्याला येत नाही त्याचे वेगळे.

आमच्या आधीच्या पिढ्यांतल्या गरीब विद्यार्थ्यांनी पुण्यात माधुकरी मागितली, वार लावून जेवण केले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मराठी आत्मचरित्रांत या वारांच्या आठवणी इतक्या कृतज्ञतेने सांगितलेल्या असतात, की एक साधी गोष्ट सहज नजरेआड होते. वार ज्यांना मिळत ते बहुतेक एकाच जातीचे असत. इतरांना त्या दारांची वाट मोकळी नव्हती. पुण्यात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली. अशा संस्थांचे मोल कळायला आधी वारांची ही कुंपणे ध्यानात घ्यावी लागतात.

तर खाणावळ. तिचे अर्थकारण आम्ही पहिल्या आठवड्यात शिकलो. पैसे महिन्याचे, आणि आगाऊ. गावी जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे 'खाडा' धरला जाई; न सांगता गेलात तर तुमचे ताट तुम्ही जेवलात असेच मानले जाई. सणावाराला घरी जाणाऱ्यांच्या खाड्यांवरून महिनाअखेरीस जे वाद होत, त्यांतली वाक्ये आमच्या कानांत अजून आहेत. पाहुणा आणलात तर त्याचे पैसे वेगळे. पोळ्या मोजून, आमटी मागाल तितकी, दुसऱ्यांदा भाजी मागितली तर वाढणाऱ्याचा हात किंचित थबके. ते थबकणे ओळखून आपली भूक आवरती घेणे, हा एक वेगळाच अभ्यासक्रम होता. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत रांगेत नाव लिहून वाट पाहणे आम्हांला महिन्यातून एखाद्या वेळीच परवडे. तिथली आमटी मात्र त्या प्रतीक्षेला न्याय देई.

रविवारी दुपारी 'फीस्ट'. म्हणजे एखादे गोड, एखादी तळणीची वस्तू, कधी मसालेभात. आणि रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. पुण्यातल्या खाणावळींचा हा जणू अलिखित कायदाच. दुपारच्या गोडावर रात्र निभावेल असा कदाचित त्यामागे हिशेब असेल, किंवा वाढप्यांना आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांना एक वेळ तरी मोकळी मिळावी एवढेच साधे कारण असेल. दुसरे कारण आम्हांला अधिक पटते. त्या बायका पहाटे येत, कणकेचे डोंगर तिंबत, आणि त्यांचे तोंडही आम्हां जेवणाऱ्यांपैकी फारसे कोणी पाहिलेले नसे. मराठी साहित्यात खाणावळीचा मालक येतो, विक्षिप्त वाढपी येतो, विनोदी गिऱ्हाईक तर येतेच येते. पोळ्या लाटणारी बाई क्वचित येते. मुंबईत गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तशा बाया पुण्यातही होत्या. त्यांचे वाङ्मय मात्र व्हायचे राहिले.

रविवारच्या संध्याकाळी मग पेठांमध्ये चमत्कारिक शांतता असे. आमच्यासारखी मुले लक्ष्मी रस्त्याच्या कडेने उगाच हिंडत. कुणी केळी घेई, कुणी भेळ. खिशात थोडे अधिक असेल तर नानासाहेब सरपोतदारांच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये जायचे. मूकपटांच्या काळात चित्रपट काढणाऱ्या या गृहस्थांनी १९३५ साली ते सुरू केले आणि नाटक-सिनेमातल्या मंडळींची तेथे वर्षानुवर्षे ऊठबस राहिली. आम्ही मात्र तेथे नटांना पाहायला जात नसू, थालीपीठ खायला जात असू. चौघांत दोन.

त्याच वर्षी वर्गात आम्हांला 'बलुतं' होते. दया पवारांचे हे पुस्तक १९७८ साली आले आणि चार-पाच वर्षांत अभ्यासाचा विषय झाले, ही मराठी विद्यापीठीय जगाला शोभा देणारी गोष्ट. दगडू मारुती पवार आणि दया पवार यांच्यातला तो संवाद आम्ही टिपणे काढून वाचत होतो. त्याच सुमारास, नेहमीची खाणावळ महिनाभर बंद राहणार म्हणून, आम्ही जवळच्याच एका घरगुती खाणावळीत नावे घातली. नाव कशाला सांगावे? आज ती जागाही नाही. ओसरीवर पाट मांडलेले, मालकीणबाई स्वतः वाढणाऱ्या, बोलणे मृदू. वहीत नावे लिहिताना त्यांनी आमच्या बीडच्या मित्राला विचारले, "आपलं आडनाव?" त्याने सांगितले. त्यांनी लिहून घेतले. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याचे ताट दाराजवळच्या बाकावर येऊ लागले. "तिकडे वारा चांगला येतो हो," असे त्या म्हणाल्या.

तीन दिवस आम्ही सगळेच त्या बाकावर बसलो. चार ताटे त्यावर मावत नव्हती. दोघे ताट मांडीवर घेत. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी आमचे उरलेल्या दिवसांचे पैसे, खाडे न कापता, मोजून परत केले. इतका चोख हिशेब पुढे कुठल्याही खाणावळीने आमच्याशी केला नाही. बीडचा मित्र बाहेर पडल्यावर एवढेच म्हणाला, "घरगुती म्हणजे कुणाच्या घरची, ते पाटीवर लिहायला पाहिजे." तो हे हसत म्हणाला, आणि आम्हां तिघांना हसता आले नाही.

त्या रात्री आम्ही डेक्कनवर गुडलकमध्ये गेलो. हेही १९३५ चेच. संगमरवरी टेबले, काचेखाली दाबलेला पदार्थांचा तक्ता, बशीत सांडलेला चहा. इराण्याने आम्हांला आडनाव विचारले नाही, नावही विचारले नाही; त्याने विचारले, "पानी कम?" रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून टाळीत आणि म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, असे सांगितले जाते. ही कथा खरी असो वा रचलेली, दोन रस्त्यांना तोंड असलेल्या त्या दुकानांत कुणीही, कुठूनही, कुणाच्याही शेजारी येऊन बसे हे खरे. निस्सिम इझिकेल यांनी मुंबईच्या धोबीतलावावरच्या बास्तानीतल्या सूचनांच्या पाटीवरून इंग्रजीत एक कविता केली, आणि ती वाचून सारे हसतात. इराण्याच्या पाटीवर काय काय करू नये याची यादी असे, हे खरेच. आम्हांला मात्र त्या यादीत काय नसे, याचे अप्रूप अधिक. अरुण कोलटकरांनीही इराण्यावर कविता लिहिली. तिच्यातली ती कळकट, थोडी भेसूर जागा आम्ही पुढे वर्गात अनेक वर्षे शिकवली; शिकवताना मात्र डोळ्यांपुढे डेक्कनचाच कोपरा येई.

चहाच्या कपाने पुण्याला पूर्वीही अडचणीत आणलेले आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापवली आणि रानडे, टिळक यांच्यासकट सर्वांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. या घटनेकडे आपण आता विनोद म्हणून पाहतो. आम्हांला त्याहून बोलकी वाटते ती कोल्हापूरची गोष्ट. अस्पृश्य म्हणून छळ सोसलेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. पुण्यात कुणी कुणाचा चहा प्यायला याची चौकशी झाली. कोल्हापुरात राजाने गिऱ्हाईक होऊन ती चौकशीच निकालात काढली. बाहेर खाण्याचा मराठी इतिहास कधी कुणी लिहिलाच, तर त्याचा आरंभ पदार्थांपासून न होता या दोन कपांपासून व्हावा.

उडुप्यांविषयी आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, जिचे आधीचे नाव मद्रास हेल्थ होम, आमच्या काळी बड्या लेखकांची आणि कॉलेजातल्या सुखवस्तू मुलांची. एका कॉफीवर दोन तास बसलेल्यांना उठवण्याची कला तेथल्या वाढप्यांना नीट अवगत होती. अशा हॉटेलांतला एक गोष्ट-विशेष मात्र नोंदवावा. आमच्या वर्गातल्या मुली खाणावळीत कधी दिसल्या नाहीत. त्यांना डबा येई किंवा वसतिगृहाची मेस असे. इराण्याकडे त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम', म्हणजे अर्ध्या दरवाजांचे लाकडी खोके. उजेडातल्या, रस्त्याकडेच्या टेबलाशी एकटी मुलगी पुस्तक उघडून इडली खाताना आम्ही प्रथम पाहिली ती उडुप्याकडे. त्या मुलीचे आम्हां चौघांनाही वाटलेले कौतुक आज आठवले म्हणजे शहर किती थोडे मोकळे होते ते कळते.

आणि मुंजाबाच्या बोळातले बेडेकर. १९४८ पासूनचे. कोल्हापूरकरांना ही मिसळ मानवत नाही, आणि त्यांचे कारण आम्हांला समजते : तिच्यात तिखटाच्या आधी गोडसर चव येते, आणि बरोबर पाव न येता स्लाइस येतो. साताऱ्याचा मित्र तिला 'मिसळीचे भाषांतर' म्हणे. ते असो, पण भाषांतरही आपल्या जागी उभे राहू शकते, हे त्यालाही पुढे मान्य झाले. पुण्यातल्या हॉटेलांतल्या पाट्यांचे कौतुक मात्र आम्हांला कधीच पुरते कळले नाही. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवणारी पाटी वाचून ज्याला गुदगुल्या होतात, त्याला त्या गावात कधी परकेपणा भोगावा लागलेला नसतो. जाता जाता एक मास्तरी तक्रार : 'उपहारगृह' नव्हे, 'उपाहारगृह'. उपहार म्हणजे भेट, आणि भेट म्हणून आम्हांला कुठल्याही गृहात काहीही मिळालेले नाही.

आता त्या वाड्याच्या जागी सहामजली इमारत आहे. डेक्कनवरचे लकी गेले. गुडलक आहे, आणि तेथे बनमस्क्यासाठी रांग लागते. रांगेतले बरेचजण आधी छायाचित्र काढतात आणि मग खातात. तांब्या-पितळेच्या भांड्यांत, कंदिलांच्या उजेडात, अमर्यादित थाळी वाढणारी नवी ठिकाणे उघडली आहेत, आणि त्यांच्या पाटीवर 'घरगुती' हा शब्द पूर्वीपेक्षा ठळक असतो. अन्न वाईट नसते. पण आमच्या मित्राचा प्रश्न त्या पाटीला अजून लागू आहे, आणि मेनूतल्या पदार्थांवर नजर फिरवली की उत्तरही बहुधा तेच निघते. वाजडी, रक्ती, चान्या यांना अजून या 'घरा'त पाट नाही.

सदाशिव-नारायण पेठेत मात्र मेस संपलेल्या नाहीत. स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींनी पेठा पुन्हा भरल्या आहेत. जुन्या वाड्यांच्या उरल्यासुरल्या माड्यांवर अभ्यासिका आहेत, आणि दर दोन अभ्यासिकांमागे एक मेस. मुलीही आता तिथे सर्रास जेवतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि या मेस एकाएकी बंद झाल्या, तेव्हा खोल्यांत अडकलेल्या मुलांची जी उपासमार झाली तिच्या बातम्या आम्ही आपापल्या गावी बसून वाचल्या. बीडच्या मित्राने त्या आठवड्यात आम्हां तिघांना फोन केला. त्याचा भाचा पेठेत एका खोलीत होता. ओळखीपाळखी काढून, चार ठिकाणी बोलून, दोन दिवसांनी एक डबा सुरू झाला. डबा देणाऱ्या बाईंनी पत्ता विचारला, मजला विचारला, तिखट चालते का ते विचारले. मित्राने हे सारे आम्हांला क्रमवार सांगितले. आम्ही आणखी काही विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात चौघे पुन्हा पुण्यात जमलो. रविवार होता. दुपारी एका मेसमध्ये बसलो. पैसे भिंतीवरच्या चौकोनी ठिपक्यांकडे फोन धरून द्यायचे. श्रीखंड, पुरी, मटकीची उसळ. शेजारी बसलेल्या मुलाने आम्हांला नवखे समजून सांगितले, "काका, रात्री येऊ नका हां. आज संध्याकाळी बंद असतं." मग तू रात्री काय खातोस, असे वऱ्हाडच्या मित्राने त्याला विचारले. तो म्हणाला, "बघू. चार पुऱ्या जास्त घेतल्यात."